जीपच्या बॉनेटखाली ट्रॅक्टर

सप्टेंबर २०२२चा पहिला आठवडा बेळ्ळंदूरमध्ये राहणारं कोणी विसरणार नाही. रविवार सकाळ ते सोमवार सकाळ या चोवीस तासांत बेंगळुरूत १३१.६ मिलिमीटर पाऊस पडला. तलाव काठोकाठ भरले आणि पावसाचं पाणी वाहून नेणारे मोठे नाले, ज्यांना इथे राजकालुवे म्हणतात, ते तुंबले. आउटर रिंग रोडपासून यमलूरपर्यंतचा सखल पट्टा पाण्याखाली गेला. तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या महागड्या गाड्या तिथेच बुडाल्या. मग ट्रॅक्टर आले. पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली माणसं ट्रॅक्टरला धरून, ट्रॉलीत दाटीवाटीने उभी राहून ऑफिसला निघाली. ते फोटो देशभर फिरले.

शहराच्या नियोजनावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. मला मात्र त्या फोटोंमध्ये एक वेगळंच कोडं दिसत होतं. शेजारी लाखो रुपयांची, डझनभर कॉम्प्युटर पोटात असलेली गाडी बंद पडली आहे आणि तिच्या बाजूने जुन्या बांधणीचा ट्रॅक्टर धडधडत पुढे जातो आहे, हे कशामुळे? मोठी चाकं आणि उंच इंजिन हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं इंजिनाच्या पोटात आहे. आपल्याकडच्या गॅरेजांनी कित्येक दशकं जुन्या जीपमधलं पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन का बसवलं, याचा बराचसा उलगडाही तिथेच होतो.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या तळाला हात लावून पाहा. तो चांगला गरम झालेला असतो. थोडी उष्णता घर्षणाची असते, पण बरीचशी दाबल्या गेलेल्या हवेची. कोंडलेली हवा झपाट्याने दाबली की ती तापते. पंपात आपण ती काही पट दाबतो. जुन्या जीपमध्ये बसलेल्या एका प्रसिद्ध डिझेल इंजिनात ती सुमारे २२ पट दाबली जाते. बाहेर आल्हाददायक हवा आहे, इंजिनाने ती आत ओढली, पिस्टन वर सरकला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात तीच हवा पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापली. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपासच आपोआप पेट घेतं. त्यामुळे या तापलेल्या हवेत त्याचा बारीक फवारा सोडला की काम झालं. ठिणगी नको, प्लग नको, त्याच्याकडे जाणारी हजारो व्होल्टची वायर नको. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत आउग्सबुर्गला १८९७मध्ये चालवून दाखवलेल्या यंत्राचं मर्म एवढंच आहे.

आता पुराच्या पाण्याकडे परत येऊ. जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनावर डिस्ट्रिब्युटर असतो. त्याच्या टोपणाखाली चार सिलिंडरांना आळीपाळीने ठिणगी वाटली जाते. पंख्याने उडवलेलं पाणी त्या टोपणात शिरलं की ठिणगीला जवळची वाट सापडते. ती प्लगपर्यंत जातच नाही आणि इंजिन मुकाट्याने बंद पडतं. जुन्या यांत्रिक डिझेल इंजिनात बिघडायला असं काही नाहीच. एकदा चालू झालं की बॅटरीची तार काढून टाकली तरी ते चालत राहतं. ते बंद करणं हाच वेगळा विषय होतो! जुन्या ट्रॅक्टरमध्ये किल्ली फिरवून इंजिन थांबत नाही. एक लोखंडी खुंटी ओढावी लागते. ती तारेने पंपापर्यंत गेलेली असते आणि डिझेलचा पुरवठा तोडते. म्हणजे इंजिनाला थांबवायचं तर त्याला उपाशीच ठेवायचं.

त्याला पाण्याचं भय नाही असं मात्र समजू नका. वायरीतून शिरलेलं पाणी त्याला चालतं, नाकातून शिरलेलं चालत नाही. हिशेब करून पाहू. वर म्हटलेल्या इंजिनाच्या एका सिलिंडरचं आकारमान ५२८ घनसेंटिमीटर आहे. पिस्टन सगळ्यात वर पोचला की उरलेली जागा जेमतेम २५ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचे पाच चमचे. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाच चमच्यांहून जास्त पाणी गेलं की वर येणारा पिस्टन जागच्या जागी अडतो, आणि गाडीच्या वेगाने फिरणारा क्रँक त्याला तसाच रेटतो. पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिनात ही उरलेली जागा तिपटीहून जास्त असते, म्हणून या बाबतीत डिझेलच नाजूक. ओढे-नाले ओलांडणाऱ्या जीपांच्या काचेच्या कडेने वर गेलेली ती नळी, स्नॉर्केल, दिखाव्यासाठी नसते. या पाच चमच्यांसाठी असते.

जीपची वंशावळ

आपल्याकडे नुसतं 'जीप' म्हटलं की जी आकृती डोळ्यांसमोर येते, ती बहुधा सीजे-३बी या गाडीची असते. चपट्या नाकाची, सरळ उभ्या जाळीची आणि बॉनेट चांगलंच उंच. तहसीलदाराची, पोलिसांची, निवडणुकीच्या प्रचाराची, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी हीच. ते बॉनेट इतकं उंच का, असा प्रश्न मला लहानपणापासून होता. उत्तर कळलं तेव्हा मी थक्क झालो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये 'गो-डेव्हिल' नावाचं ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. त्याच्या सगळ्या झडपा बाजूला, ठोकळ्यातच होत्या, म्हणून ते बुटकं होतं आणि बॉनेटही खाली होतं. पुढे विलीजने त्याच इंजिनावरून 'हरिकेन' तयार केलं. आकारमान तेच, सुमारे २२०० घनसेंटिमीटर. पण हवा आत घेणाऱ्या झडपा उचलून वर, हेडमध्ये नेल्या. ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. १९५३च्या सीजे-३बीसाठी विलीजने सरळ बॉनेट आणि जाळी वर उचलली. म्हणजे आपण जिला मूळची, अस्सल जीप समजतो, तिचा चेहराच मुळी इंजिन बदलल्यामुळे घडलेला आहे. जुन्या गाडीत वेगळं इंजिन घालण्याचा हा खटाटोप गॅरेजवाल्यांच्या आधी खुद्द कारखान्याने केला होता.

महिंद्रा कंपनीने मुंबईत ही जीप जोडायला आणि पुढे बनवायला घेतली ती हरिकेन इंजिनासकट. १९७३च्या शेवटी तेलाचं संकट आलं. कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. आपल्याकडे पेट्रोल श्रीमंतांचं इंधन मानलं गेलं. डिझेलवर एसटी, ट्रक आणि शेतीचे पंप चालत होते, म्हणून सरकारने ते स्वस्त ठेवलं. पेट्रोलची जीप बाळगणं परवडेना.

महिंद्राच्या हाताशी तेव्हा एक डिझेल इंजिन होतं, पण ते शेतातलं. १९६०च्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर महिंद्राने ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. कांदिवलीत 'बी-२७५' नावाचा ट्रॅक्टर बनत होता. मूळ बनावट ब्रिटनची, ताकद ३५ अश्वशक्ती. जुने शेतकरी आजही त्याला 'इंटरनॅशनल' म्हणतात आणि म्हणताना त्यांचा आवाज बदलतो. त्याच कुळातलं इंजिन जीपमध्ये आलं. मग १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि 'एक्सडीपी ४.९०' हे डिझेल इंजिन आलं. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या कारखान्यात ते बनू लागलं.

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो. इंजिनाचं गोत्र त्याच्या मापांवरून ओळखता येतं. प्यूजोचा सिलिंडर ९० मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर. नाव 'चार-नव्वद' पडलं ते यावरूनच: चार सिलिंडर, नव्वदचा व्यास. आकडे पूर्ण मिलिमीटरमध्ये, कारण आरेखन मीटर-किलोग्रॅम वापरणाऱ्या देशातलं. आता महिंद्राचं पुढे गाजलेलं २५२३ घनसेंटिमीटरचं डीआय इंजिन घ्या. व्यास ८८.९ मिलिमीटर, धाव १०१.६. असले आडनिडे आकडे कोण कशाला काढेल? इंचांत करून पाहा. साडेतीन आणि चार! इंटरनॅशनलच्या त्याच कुळातल्या थोरल्या ट्रॅक्टर इंजिनाची हीच मापं. बोलेरोत हे इंजिन होतं. २०१०मध्ये आलेल्या थार डीआयमध्येही टर्बो लावून तेच होतं, ६३ अश्वशक्तीचं. बेळ्ळंदूरच्या पुरात ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेलेल्या एखाद्याच्या पार्किंगमध्ये तशी थार उभी असेल, तर दोघांच्या पोटातली यंत्रं एकमेकांची भाऊबंद असणं अगदी शक्य आहे.

कारखान्याने वाट दाखवली आणि गॅरेजवाले धावत सुटले. लोकांकडे हजारो पेट्रोल जीपा होत्या. त्यांत मद्रासच्या सिम्पसनची पर्किन्स इंजिनं बसली, ट्रॅक्टरची बसली, पुण्याच्या बजाज टेम्पोची बसली. टेम्पोचं ओएम ६१६ हे इंजिन मूळचं मर्सिडीजचं, त्यामुळे आपली जीप 'मर्सिडीज इंजिनाची' आहे असं सांगणारे मालक खोटं बोलत नसत. नंतर मारुती जिप्सीचीही हीच कथा झाली. १९८५ पासून तीन दशकांहून जास्त काळ ती आपल्याकडे फक्त पेट्रोलवर विकली गेली. डोंगरात जाणाऱ्या हौशी मंडळींनी तिच्यातही मारुतीच्याच इतर गाड्यांतली डिझेल इंजिनं घातली.

एक काढून दुसरं

ऐकायला सोपं वाटतं: चार नट सोडायचे, चेन-पुलीला लावून जुनं उचलायचं, नवं ठेवायचं. प्रत्यक्षात इंजिन काढल्यावरच कळतं की गाडीतली प्रत्येक वस्तू त्या इंजिनाला धरून घडवलेली होती.

पहिली गाठ गिअरबॉक्सशी. एका कंपनीच्या इंजिनाचे बोल्ट दुसरीच्या बेल हाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाला, जुळत नाहीत. मग लेथवाल्याकडून पोलादाची जाड चकती, म्हणजे अडॉप्टर प्लेट करून घ्यायची. एका अंगाने ती इंजिनाला बसते, दुसऱ्या अंगाने गिअरबॉक्सला. भोकं पाडणं सोपं. खरी कसोटी मध्य साधण्यात आहे. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांच्या मध्यरेषा एकाच ओळीत हव्यात, आणि इथे सूट असते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. मध्यरेषांत त्या सुटीहून जास्त फरक पडला तर क्लच प्लेट प्रत्येक फेऱ्यात थोडीशी मुरडली जाते. काही महिन्यांत तिचा मधला हब तुटतो, स्पिगॉट बेअरिंग रडू लागतं, गिअर आपोआप निसटतो. फ्लायव्हीलला डायल गेज लावून, हाताने सावकाश फिरवत, काट्याकडे श्वास रोखून पाहणारा मेस्त्री हे गॅरेजमधलं सर्वांत शांत दृश्य असतं.

मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन चासीवर ज्या रबरी बैठकींवर बसतं त्या. बाविसाव्या हिश्शापर्यंत हवा दाबणारं यंत्र सौम्य असणार नाही. डिझेलचा प्रत्येक स्फोट हातोडीच्या घावासारखा येतो. बैठक कडक केली तर सगळी गाडी दाताड वाजवते, मऊ केली तर इंजिन बंद होताना पंख्यासकट रेडिएटरवर झेपावतं. त्यात जीपचा पुढचा धुरा इंजिनाच्या खालीच असतो. खड्ड्यात चाक वर आलं की धुराही वर येतो आणि नव्या इंजिनाच्या तेलाच्या सम्पला धडकतो. म्हणून सम्प कापून, आकार बदलून पुन्हा जोडावा लागतो. ओतीव लोखंडाचं डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवावा लागतो.

मला सर्वांत जास्त नवल वाटलं ते वायपरचं. जुन्या विलीज जीपचा वायपर विजेवर चालत नव्हता. तो चालायचा पोकळीवर. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेत एक झडप असते. अॅक्सिलरेटर सोडला की ती मिटते, पिस्टन हवा ओढत राहतात आणि मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब घटतो. ही आयती मिळालेली पोकळी बारीक नळीने नेऊन वायपर हलवायचा. डिझेलच्या वाटेत अशी झडपच नसते. ते दर वेळी छातीभर हवा घेतं. कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल. म्हणजे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलंत की पावसात काच पुसणारा हात थांबतो! जिप्सीसारख्या नंतरच्या गाड्यांत हा प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण तिथे ब्रेकला मदत करणारा बूस्टरसुद्धा याच पोकळीवर जगतो. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावाच लागतो. तो न बसवता गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं. खर्च वाचवण्यासाठी कोणी यात काटछाट करत असेल तर त्या गॅरेजातून गाडी उचलून सरळ घरी आणावी.

शेवटची गाठ चाकांपाशी. सीजे-३बीच्या धुऱ्यात ८ दातांचं पिनियन ४३ दातांच्या क्राऊनला फिरवतं, म्हणजे इंजिनाचा शाफ्ट टॉप गिअरमध्ये ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. जीपचं टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. हरिकेन इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेई. गुणाकार केला तर ताशी १०० किलोमीटर येतात. आता त्याच्या जागेवर डीआय इंजिन ठेवा. त्याची पूर्ण ताकद ३२०० फेऱ्यांना, म्हणजे ताशी ८०. आणि बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन जसंच्या तसं ठेवलं तर? ते १८७५ फेऱ्यांसाठी बांधलेलं होतं. उत्तर येतं ताशी ४७. हायवेला लागलेली जीप, बॉनेटखाली ऊर फुटेस्तो ओरडणारं इंजिन आणि बाजूने निघून जाणाऱ्या स्कूटर! उपाय म्हणजे क्राऊन-पिनियन बदलायचं. ४.२७चं बसवलं की डीआय इंजिनावर ताशी शंभर पुन्हा हाताशी येतात. फक्त मागचं बदलून भागत नाही. फोर-व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. पुढचं चाक एका हिशेबाने फिरू पाहील, मागचं दुसऱ्या, आणि मधल्या मधे गिअर पिळवटून तुटतील. दोन्ही धुरे उघडावेच लागतात.

एवढं करून ताकद वाढते का? कागद पाहिला तर आश्चर्य वाटेल. हरिकेनची ताकद सत्तरच्या वर होती, प्यूजोची ६२. म्हणजे लोकांनी पैसे मोजून कमी अश्वशक्ती घेतली. त्यांना हवा होता लिटरमागे मिळणारा जास्त पल्ला, आणि चढावर न गुदमरता सावकाश ओढत राहणारा स्वभाव. यात ट्रॅक्टरच्या कुळातलं इंजिन सरस. चिखलात क्लच सोडून द्या, अॅक्सिलरेटरला हात-पाय लावू नका, ते आपल्या चालीने गाडी बाहेर काढतं. माझं मत विचाराल तर वाटेवरून उतरलेल्या गाडीसाठी हा स्वभाव अश्वशक्तीपेक्षा मोलाचा आहे.

थेंबाचा तिसरा हिस्सा

बेळ्ळंदूरहून आडुगोडी फार दूर नाही. सकाळी लवकर निघालात तर अर्ध्या तासाची वाट. भारतातल्या डिझेल गाड्यांचा इतिहास लिहायचा तर आडुगोडीवाचून तो पुरा होणार नाही. १९५१मध्ये बेंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. बॉश ही तिची जर्मन भागीदार, आणि २००८मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं. पण मेस्त्री लोकांच्या तोंडी ती अजून 'मायको'च आहे. बीटीएम या वस्तीजवळच्या मायको लेआउटचं नाव तिच्यावरूनच पडलं. आडुगोडीत ती डिझेलचे पंप आणि नोझल बनवत असे, आणि सोलापूरच्या ट्रकपासून सांगलीच्या पाण्याच्या इंजिनापर्यंत मायकोचा पंप ओळखीचा होता.

हा पंप करतो काय? एक साधा हिशेब. डिझेलची जीप ताशी ६० ने चालली आहे, लिटरला १२ किलोमीटर देते आहे. म्हणजे तासाला ५ लिटर डिझेल. इंजिनाचे मिनिटाला २४०० फेरे धरले तर चार सिलिंडरमध्ये मिळून तासाला २ लाख ८८ हजार फवारे. ५ लिटरला त्याने भागा. एका फवाऱ्यात १७ घनमिलिमीटर डिझेल येतं, पाण्याच्या एका थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा. तो थेंबाचा तुकडा मोजायचा, शेकडो पट वातावरणाच्या दाबाने ढकलायचा, नेमक्या क्षणी सोडायचा, चौघांना अगदी सारखा वाटायचा आणि हे मिनिटाला ४८०० वेळा करायचं. यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. पोलादी दांडी आणि तिच्याभोवतीची पोलादी नळी, बस. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉन. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. त्या फटीत केसाचा पंचविसावा हिस्सा मावेल. म्हणून पंप उघडणारे कारागीर स्वच्छ डिझेलमध्ये हात बुडवून काम करतात आणि दांडी-नळीची जोडी कधी फोडत नाहीत. एकीची दांडी दुसरीच्या नळीत चालत नाही.

सर्जापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, अशा बदललेल्या जीपचा पहिला स्टार्ट मी पाहिला आहे. सगळं जुळलेलं होतं तरी मेस्त्रींनी सेल्फ मारला नाही. आधी हवा काढायची होती. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पंप त्याला दाबत बसतो, बुडबुडा स्प्रिंगसारखा आत-बाहेर होतो आणि नोझलपर्यंत काही पोचत नाही. मेस्त्रींनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि अंगठ्याने प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा हातपंप, दाबायला सुरुवात केली. फुसफुस करत फेस आला. दाबत राहिले. फेस विरळ झाला, मधून एखादा मोठा बुडबुडा, आणि मग काचेसारखी स्वच्छ, सलग धार. स्क्रू आवळला. मग नोझलच्या नळ्या एकेक सैल करून सेल्फ. पहिलीतून डिझेल उडालं, आवळली. दुसरी. तिसरी आवळताना इंजिनाने एक ठोका दिला, थांबलं, पुन्हा एक. चौथीला पांढरा धूर, मग काळा, मग तो ओळखीचा ताल. शेडमध्ये कोणी काही बोललं नाही. मेस्त्रींनी फडक्याला हात पुसत डोकं थोडं कलतं केलं आणि ऐकत राहिले. चारही घाव सारखे पडताहेत का, एवढंच.

कागद आणि धूर

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला, कंपनीने ठरवलेला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत मालकाला मनाने फरक करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी मान्यताप्राप्त किटची सोय कायद्यात आहे, तीही अटींसह. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आधी इंजिन बसवून मग आरटीओत जाणं म्हणजे संकट विकत घेणं. लेखी परवानगी आधी, चेन-पुली नंतर. जुन्या काळी मंजुरी घेऊन केलेले बदल अनेक जीपांच्या आरसी बुकात नोंदलेले आढळतात. अशी गाडी मिळाली तर तो कागद जिवापाड जपावा.

दुसरी गोष्ट धुराची. आधीच कोंडलेल्या आउटर रिंग रोडवर चाळीस वर्षांपूर्वीच्या डिझेल इंजिनाची काजळी मिसळणं मला पटत नाही. हे यंत्र मला अतिशय प्रिय आहे, तरी नव्याने कोणी पेट्रोल जीप डिझेलवर नेऊ पाहत असेल तर मी त्याला थांबवेन. इंधनाच्या भावातली ती जुनी दरी उरलेली नाही आणि हवा तर सगळ्यांची आहे. जे बदल होऊन गेले, नोंदले गेले, त्या गाड्या मात्र नीट राखाव्यात: नोझल वेळेवर तपासून घ्यावेत, पंपाचं टायमिंग बघावं, एअर फिल्टर साफ ठेवावा. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे आपलेच पैसे.

तुमच्या ओळखीत अशी जुनी जीप असेल, तर एकदा मालकाला बॉनेट उघडायला सांगा. ठोकळ्यावर कोरलेला इंजिन क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. मग सिलिंडरची मापं विचारा. ९० बाय ८३ मिलिमीटर असतील तर इंजिन फ्रान्सच्या वंशाचं, इगतपुरीत जन्मलेलं. साडेतीन बाय चार इंच असतील, तर तो ट्रॅक्टर आहे.